सांबरशिंगी मूठ

स्टरिलायझरमधलं पाणी आधी पिवळं झालं, मग तपकिरी, आणि बघता बघता थेट चिंचेच्या सारासारखं दिसायला लागलं. वासही तसाच.

स्टरिलायझर म्हणजे दवाखान्यातली हत्यारं उकळायचं झाकणाचं भांडं. खाली स्टोव्ह, वर पाणी, पाण्यात जाळी आणि जाळीत कात्र्या-चिमटे. त्या दिवशी जाळीत कात्र्या नव्हत्या, माझे चाकू होते. अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कोणाकडे नसलेला, माझा लाडका, जुन्या मिटत्या चाकूंचा संग्रह.

"सिस्टर, हे काय शिजवताय?" यवतमाळहून तपासणीला आलेल्या सुपरिंटेंडेंट बाईंनी विचारलं.

"गंज सुटतोय मॅडम. फार जुने आहेत ना," मी म्हणाले. आणि फार ऐटीत म्हणाले. त्या वयात मला सगळं येत होतं, फक्त गप्प बसता येत नव्हतं.

बाईंनी चिमट्याने एक चाकू उचलला. मूठ पाण्यातच राहिली, पातं वर आलं. पातं नव्या कोऱ्या वाटीसारखं लख्ख. दुसरा उचलला, त्याचंही तेच. तिसऱ्याची मूठ दोन फाका होऊन तरंगायला लागली. बाईंनी सगळी पाती टेबलावर ओळीने मांडली. प्रत्येकाच्या मुळाशी हातोडीची एकसारखी तिरपी खूण. सख्ख्या भावंडांच्या नाकासारखी.

"फारच जुने," बाई म्हणाल्या. आमचे डॉक्टरसाहेब खिडकीबाहेरच्या कडुलिंबाचा अभ्यास करायला लागले.

आता हे चाकू दवाखान्यात कशाला, ते सांगते.

आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, त्याच्या नंतरच्या दोन-तीन वर्षांतली ही गोष्ट. मी नागपूरला ट्रेनिंग करून नर्स-मिडवाइफ झाले आणि आर्णीच्या बाजूच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात लागले. डॉक्टर, कंपाउंडर आणि मी, एवढाच बारदाना. पांढरी साडी, कमरेला पट्टा आणि बुडाखाली सायकल. त्या भागात सायकलवर बसलेली बाई कोणी पाहिली नव्हती, म्हणून मी काम नसतानाही गावातून एखादी फेरी मारून यायचे. घंटी वाजवत. समोर कोणी नसलं तरी.

माझं मुख्य काम बाळंतपणं. दवाखान्यात कोणी येत नसे, बाळंतपण घरीच व्हायचं आणि करायची गावातली सुईण. त्या बायांचे हात चांगले होते, त्याबद्दल तक्रार नाही. भानगड नाळेपाशी होती. मूल बाहेर आलं की नाळ कापावी लागते. ती कशाने कापायची? घरात जे धारेचं असेल त्याने. विळा, खुरपं, आणि पुष्कळ घरांत पुरुषाच्या खिशातला मिटता चाकू. त्याच चाकूने तंबाखू कापलेला, त्यानेच बैलाच्या खुरातला चिखल काढलेला. शेणमातीतले धनुर्वाताचे जंतू नाळेतून बाळाच्या अंगात जातात. आठवडाभर बाळ छान असतं. मग एक दिवस दूध ओढेनासं होतं, जबडा आवळतो, अंग ताठ होतं. तिथून पुढे त्या काळी आमच्या हातात काही नसायचं. लोक म्हणायचे, बाहेरची बाधा झाली.

डॉक्टरसाहेबांनी युक्ती काढली. एक पुडी तयार केली: कागदात गुंडाळलेलं नवं ब्लेड, उकळलेला दोरा आणि साबणाची वडी. "सिस्टर, नुसती पुडी वाटू नका," ते म्हणाले. "लोक पुडी घेतील आणि नाळ चाकूनेच कापतील. पुडी द्या, त्या बदल्यात घरातला नाळेचा चाकू घ्या. चाकूच नसला तर कापतील कशाने?"

युक्ती चांगली होती. पण ती राबवायला त्यांनी मला नेमलं.

पहिला चाकू मिळाला तो पितळी मुठीचा, माशाच्या आकाराचा. माशाला डोळा होता. डोळा दाबला की पातं सुटायचं. मी तो रात्रभर उशाशी ठेवला. दुसरा मिळाला तो बोटाएवढा, पानसुपारीच्या चंचीत राहणारा. तिसऱ्याला पात्यासोबत कान कोरायची काडी. आणि मग मला नाद लागला. लोकांच्या घरी गेले की मी आधी विचारायचे, "चाकू दाखवा." बाळंतीण कितव्या महिन्यात आहे ते नंतर. दूधपावडरच्या रिकाम्या डब्यात मी चाकू ठेवायचे आणि दुपारी पेशंट नसले की एकेक काढून पुसायचे. चाकूचं पातं, पातं जिच्यात मिटतं ती खाच, उघडल्यावर अडकवणारा खटका, मुठीचे दोन पाखे, पाखे धरून ठेवणाऱ्या खिळ्या, हे सगळं मला तोंडपाठ झालं. कंपाउंडरला मी त्यावर व्याख्यान द्यायचे. तो बिचारा सरकारी नोकर, ऐकून घ्यायचा.

"सिस्टर, तुम्ही बाळंतपणं मोजता की चाकू?" डॉक्टरसाहेबांनी एकदा विचारलं.

"सर, जितके चाकू डब्यात, तितकी बाळं वाचली," मी म्हणाले.

वाक्य इतकं झकास होतं की त्यांनी ते रिपोर्टात घातलं.

थोड्याच दिवसांत लोक आपण होऊन चाकू आणायला लागले. आणि काय एकेक चाकू! काळेभोर, गंजलेले, मुठी चिरलेल्या. "आज्याच्या आज्याचा हाये, नर्सबाई," म्हणत आणणारा माणूस साबणाची वडी आधी हुंगायचा. कोणी म्हणे भोसल्यांच्या फौजेतला, कोणी म्हणे जंगलात वाघाच्या पोटात सापडला. वाघाच्या पोटातला मी दोन पुड्या देऊन घेतला. आता हसा.

तर असे ते चाकू. सुपरिंटेंडेंट बाई तपासणीला आल्या तेव्हा मी डबा पुढे केला. त्यांनी आत पाहिलं आणि नाक मुरडलं. "हे असे घाणेरडे दवाखान्यात ठेवता? आधी उकळा."

पुढचं वर सांगितलंच आहे. माशाचा, चंचीतला, कानकोरणीचा, असे सुरुवातीचे काही पाण्यातून जसेच्या तसे निघाले. बाकी सगळ्यांनी रंग सोडला.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "हे नकली, तर मग खरे कुठे आहेत, सिस्टर?"

खरे घरोघरी होते. जिथे असायला नको तिथेच. आणि मी रिपोर्ट देऊन बसले होते की आले म्हणून.

त्यातलं एक घर आधी आठवलं. हेमली याडीचं.

आमच्या दवाखान्यापासून टेकडीपलीकडे बंजाऱ्यांचा तांडा होता. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. हेमली याडी तांड्याची सुईण. तिच्या सुनेचे, चंद्रीचे, दिवस भरत आले होते. चंद्रीचं पहिलं मूल माहेरी झालं होतं आणि आठवड्याच्या आत गेलं होतं. जबडा आवळून. म्हणून तर डॉक्टरसाहेबांनी मला बजावलं होतं, त्या घरचा चाकू काहीही करून आणा. मी आणलाही होता. चंद्रीच्या नवऱ्याने, हरसिंगने, स्वतः माझ्या हातात दिला होता. तोच आता टेबलावर नव्या वाटीसारखा चमकत होता.

मी सायकल काढली ती सरळ गावातल्या लोहाराकडे. झिंगरूजी लोहार भाता थांबवून बसले होते. मी पातं त्यांच्यासमोर आपटलं.

"हे तुमचं काम?"

त्यांनी उलटसुलट करून पाहिलं. "माह्यंच हाये. पानी चांगलं देल्लं याले. काहून, धार नाई लागून राह्यली का?"

"तुम्ही मला जुने म्हणून नवे चाकू खपवलेत!"

"मी कवा म्हनलं जुने हायेत म्हून?" ते खरंच चकित झाले. "लोकं म्हने, जुन्यासारका करून दे, नर्सबाईले द्याचा हाये. मंग म्या करून देल्ला. चिचेच्या पान्यात ठेवा लागते, मंग मिठात, मंग उकिरड्यात गाडा लागते. मूठ लाखेनं चिकटवली का झालं. लय मेहनत हाये बाई. तुमच्यापायी तं यंदा धंदा चालून राह्यला."

"आणि लोकांचे खरे चाकू?"

"ते कायले देईन कोनी? बापजाद्याचा चाकू हाये तो." झिंगरूजींनी माझं तोंड पाहिलं आणि त्यांना थोडी दया आली असावी. "खरा जुना कसा असते, ते पाह्याचं असन तं हेमली याडीच्या कमरेले पाहा. मी एकडाव धार लावाले घेतला होता. तसा चाकू मले नाई जमत."

मी खरं सांगते. चंद्रीची काळजी होती ती होतीच. पण हे ऐकून त्या काळजीच्या शेजारी दुसरं काहीतरी टुणकन उडालं. अशी मी संग्राहक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग घेऊन तांड्यावर गेले. बॅगेत नेहमीचं सामान होतं, म्हणजे नाळेला लावायचे चिमटे, कापूस, स्पिरिट, उकळलेला दोरा आणि नवं ब्लेड. हरसिंग घराबाहेर बाभळीखाली बसला होता आणि मला पाहून उठलाच नाही. एरवी सायकल धरायला धावणारा माणूस.

"चंद्री कशी आहे?"

"पहाटेपासून कळा येऊन राह्यल्या."

"मग मला बोलावलं का नाही?"

तो जमिनीकडे बघून म्हणाला, "याडीले विचारा."

आत चंद्री खाटेच्या दांडीला धरून उभी होती. घामाघूम, पण धीराची. मी तपासलं. बाळ सरळ होतं, ठोके चांगले होते, वेळ होता. हेमली याडी चुलीपाशी बसली होती. हातात दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, अंगावर आरशांची कांचळी चोळी आणि कमरेला गोफात लटकवलेला चाकू.

मला तो पाहताक्षणी कळला. झिंगरूजींच्या चाकूंची पाती वरपासून खालपर्यंत सारखी रुंद होती. याचं पातं मधे झिजून द्वितीयेच्या चंद्रासारखं झालं होतं. धार लावून लावून. सांबरशिंगाची मूठ, दोन्ही टोकांना पितळेची टोपी, आणि पात्याच्या पाठीला एक वेगळा आकडा. बैलाच्या खुरात अडकलेला खडा काढायचा. ज्या काळी ही माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुख फिरायची, त्या काळचा चाकू. मी अर्धा तालुका पालथा घालून जे शोधत होते ते समोर एका म्हातारीच्या कमरेला झुलत होतं.

"नजर नको लावू पोरी," याडी म्हणाली. "तोंडाले पानी सुटलं तुह्या."

मी तोंड मिटलं. "याडी, तुमच्या घरचा म्हणून हरसिंगने मला जो चाकू दिला..."

"तो मीच पाठवला. त्याच्या आधीचे दोन बी माह्येच होते. साबन चांगला हाये तुह्या दवाखान्याचा."

खाटेला धरलेली चंद्री कळ येता येता हसली.

मी बॅगेतून ब्लेड काढलं. "बरं, झालं ते झालं. नाळ कापायची ती याने. नवं आहे, कागदसुद्धा उघडलेला नाही."

याडीने ब्लेडकडे असं पाहिलं की जणू मी झुरळ काढलं. "हे? हे तं आमचे गडी दाढीले वापरते. तू पुडी देते, बाया साबन घेते, गडी पातं घेते. पूर्‍या तांड्यात पाह्य, कशे गुळगुळीत हिंडून राह्यले! दाढीचं पातं माह्या नातवाच्या नाळेले लावू?"

मला खरोखर महिनाभर वाटत होतं की तांड्यावरचे पुरुष माझ्या शिकवणुकीने टापटीप राहायला लागलेत.

"याडी, त्या चाकूने नाही कापायचं. पहिल्या बाळाचं काय झालं ते—"

"पह्यल्याचं काय झालं ते मले मालूम हाये!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "ते हिच्या मायेरी झालं. तेथं इळ्यानं कापलं. म्हून गेलं. आमच्या घरात जे जे झालं ते या चाकूनं कापलं. हरसिंग याच्यानंच, त्याचा बाप याच्यानंच. रस्त्यानं चालता चालता झालेले पोरं हायेत आमचे, बैल थांबवून कापले. कोनी गेलं नाई. हा असल तं पोर राह्यते. तुले बोलावलं नाई ते याच्याचसाठी. तू चाकू नेते."

आता मला कळलं. ती माझ्याशी भांडत नव्हती. ती आणि मी एकाच गोष्टीला घाबरत होतो. बाळ वाचावं म्हणून मी तो चाकू काढून घ्यायला आले होते आणि बाळ वाचावं म्हणूनच ती तो धरून बसली होती. तिच्या घरातली मुलं जगली हेही खरं. नशीब म्हणा, रोज घासूनपुसून ठेवलेलं पातं म्हणा. पण आता तोच चाकू गोठ्यातही वापरला जात होता, हे मी त्या आकड्यावर वाळलेलं शेण पाहून सांगू शकत होते.

चंद्रीला मोठी कळ आली. वाद घालायला वेळ उरला नव्हता. आणि तेवढ्यात मला आदल्या दिवशीचं ते चिंचेच्या सारासारखं पाणी आठवलं.

"बरं याडी," मी म्हणाले, "नाळ या चाकूनेच कापू. ब्लेड गेलं खड्ड्यात. कापायचीही तुम्हीच. मी चाकूला हात लावणार नाही. पण आधी तो उकळायचा. खळखळ पाण्यात, डाळ शिजवतात तसा."

"लोखंडाले शिजवते?"

"तुमच्या डोळ्यांसमोर. तुमच्याच चुलीवर, तुमच्याच पातेल्यात. तुम्ही जवळून उठू नका."

याडीने विचार केला. मग गोफाची गाठ सोडली. "फक्त पातं बुडव," ती म्हणाली. "मूठ वर धर."

बाई गं! मोह काय असतो ते मला त्या वेळी कळलं. कारण मला माहीत होतं, शिंगाची मूठ खळखळत्या पाण्यात टिकत नाही. शिंग मऊ पडतं, वाकतं, फाटतं, खिळ्या सैल होतात. मूठ बाहेर ठेवली तर चाकू वाचत होता. आणि आज ना उद्या या म्हातारीला गोडीगुलाबीने पटवून तो मी मिळवलाही असता. मी क्षणभर मनाशी म्हणून पाहिलं, पातं उकळलं की झालं, कापतं तर पातंच.

पण मीच कंपाउंडरला व्याख्यान दिलं होतं ना! पातं मिटतं कुठे? खाचेत. शेण, तंबाखू, चुना, पिढ्यान्‌पिढ्यांचं सगळं काय साठतं ते खाचेत. उकळलेलं पातं पुन्हा त्या खाचेला लागलं, हात लागले, की गेलं सगळं मुसळ केरात. चाकूंबद्दल एवढं शिकले त्याचा उपयोग शेवटी हा झाला.

"सगळाच बुडवावा लागेल याडी. घाण मुठीत आहे. पण आधीच सांगते, मूठ जाईल. पुन्हा अशी होणार नाही. फार जुनी आहे, फार मोलाची आहे ती." माझा आवाज बहुतेक रडका झाला असावा.

याडीने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मूठ गेली तं गेली. कापते तं पातं ना? टाक." आणि तिने स्वतःच चाकू उघडून पातेल्यात सोडला. एखाद्या बटाट्यासारखा.

मी त्या पातेल्यापाशी बसून राहिले. डिलिव्हरीच्या वेळी नर्सने पेशंटकडे बघावं, हा नियम आहे. मी बघतच होते, पण एक डोळा पातेल्यात होता. पाणी आधी गढूळ झालं. मग खाचेतून काळपट पापुद्रे सुटून वर यायला लागले.

"हे पाह्य," याडी पुटपुटली. "एवढं याच्यात होतं?"

तिने आपणहून पाणी फेकलं, नवं घातलं आणि पुन्हा ठेवलं. त्या दुसऱ्या पाण्यात मूठ गेली. एक पाखा वाकला, तडकला आणि खिळीवरून सुटला. मग दुसरा. मी तोंड फिरवलं. चंद्री ओरडली आणि मी तिच्याकडे धावले, ते बरंच झालं.

बाळंतपण सरळ झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. चांगल्या बाळंतपणात नसतंच. मुलगी झाली. लगेच रडली. मी नाळेला दोन जागी दोरा बांधला. उघडं पडलेलं पातं चिमट्याने बाहेर काढून वर स्पिरिट ओतून पेटवलं, कारण नुसत्या उकळण्यावर सगळं सोडावं असं माझ्या ट्रेनिंगने शिकवलं नव्हतं. याडीने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. माझ्याच साबणाने. पात्याला मुठीऐवजी बॅगेतलं उकळलेलं कापड गुंडाळलं आणि मी दाखवलं तिथे तिने नाळ कापली. एका झटक्यात. तिच्या हाताला मी काय शिकवणार.

बाळाच्या बेंबीवर ती राख लावायला निघाली तेव्हा मात्र मी तिचा हात धरला.

"आता हे काहून?"

"चाकूत तुमचं ऐकलं, राखेत माझं ऐका. राख लावायची नाही."

"लय हट्टी हायेस तू," ती म्हणाली, पण राख चुलीत परत टाकली.

पुढचा आठवडा मी रोज तांड्यावर गेले. घंटी न वाजवता. दारातूनच विचारायचे, "दूध ओढते का?" आतून चंद्री म्हणायची, "ओढते." पहिले दोन-तीन दिवस ठीक. मग जसजसा तो आठवडा भरत आला तसतशी हेमली याडी माझ्या आधीच दारात येऊन उभी राहायला लागली. आम्ही दोघी खाटेपाशी जायचो आणि बाळ छातीला लागेपर्यंत एकमेकींकडे बघायचो नाही. एका सकाळी बाळ झोपेत होतं, उठेचना. याडीने माझं मनगट असं आवळलं की तिच्या बोटांचे वळ उठले. मी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. त्या कार्टीने असा गळा काढला की बाहेर हरसिंगचे बैल बुजले. आणि मग दूध प्यायली, घटाघटा.

बेंबी कोरडी होऊन नाळ गळून पडली. धोक्याचे दिवस गेले. मुलगी जगली.

याडीने पात्याला नवी मूठ करून घेतली. कोणाकडून? झिंगरूजींकडून. पितळेची, आरपार खिळ्या मारलेली, लाखेचा थेंब नाही. "उकळाचा चाकू" असं त्याचं नाव पडलं. याडीने तो चार तांड्यांत दाखवला आणि खाचेतून काय काय निघालं ते तिखटमीठ लावून सांगितलं. माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा त्या पापुद्र्यांचा परिणाम जास्त झाला. तशा मुठी बसवून घ्यायला लोक आपापले खरे चाकू घेऊन लोहाराकडे रांगेत उभे राहिले. मी पुडीतलं ब्लेड काढून टाकलं. दोरा आणि साबण ठेवला. पुरुषांच्या दाढ्या पुन्हा वाढल्या.

डॉक्टरसाहेबांनी यवतमाळला रिपोर्ट पाठवला. सुपरिंटेंडेंट बाईंचं उत्तर आलं, ठीक आहे, चालू ठेवा, आणि सिस्टरला यापुढे दवाखान्यात गंज शिजवू देऊ नका.

बारशाला याडीने मला चुरमा खाऊ घातला आणि निघताना फडक्यात बांधलेलं काहीतरी हातात ठेवलं. "तू जुनं गोळा करते ना? हे घे. आता माह्या कामाचं नाई."

मी फडकं सोडलं. सांबरशिंगी मुठीचे दोन पाखे. वाकलेले, तडकलेले, उकळून पांढरट पडलेले.

ते अजून माझ्याकडे आहेत. झिंगरूजींचे चाकूही त्याच डब्यात आहेत. मुठी मी पुन्हा चिकटवून घेतल्या, लाखेनेच. मागच्या वर्षी नातवाच्या ओळखीचे एक गृहस्थ नागपूरहून आले. जुने चाकू गोळा करतात, भिंग लावून बघतात. त्यांनी झिंगरूजींचा एकेक चाकू उचलला आणि त्यांचे डोळे मोठे व्हायला लागले. "आजी, ही वऱ्हाडातल्या लोहाराची घडण! अशी हातोडीची खूण मी कुठेच पाहिली नाही. फार दुर्मिळ आहेत हे."

"नकली आहेत," मी म्हणाले आणि सगळी गोष्ट सांगितली.

"असू द्या ना," ते म्हणाले. "आता जुने झालेत."

त्यांचंही बरोबरच होतं म्हणा. झिंगरूजी गेले, उकिरडे गेले, माझ्याइतकं मठ्ठ गिऱ्हाईक तर पुन्हा जन्मालाच आलं नसेल. त्यांना हवे होते ते मी देऊन टाकले. वाघाच्या पोटातला मात्र ठेवला. शिंगाचे ते दोन वाकडे तुकडे त्यांनी डब्याच्या तळाशी पाहिले, बोटाने बाजूला सारले आणि विचारलं, "हा कचरा टाकून देऊ का, आजी?"

मी नको म्हटलं.

तुमच्यापैकी कोणाला चाकूंचा नाद असेल तर एवढंच सांगते. पातं झिजलेलं आहे का ते बघा, मुठीच्या गोष्टी ऐकू नका, आणि घ्यायच्या आधी एकदा उकळा.